माळ्यावरून आलेली ओ

माझा असल्या गोष्टींवर काडीचा विश्वास नाही. "नव्हता" असं लिहिणार होते, पण आजही नाहीच. या ग्रुपवरचे अनुभव मी वाचते ते दुपारी भाजी निवडून झाली की वेळ जावा म्हणून, आणि निम्म्या वेळा वाचताना हसतेसुद्धा — रागावू नका हं कोणी. घाटात लिफ्ट मागणारी पांढऱ्या साडीतली बाई वगैरे कोणी सांगायला लागलं की आमचे हे म्हणायचे, "तिला म्हणावं, रिक्षा कर."

आणि आता मीच लिहायला बसले आहे. शाळा लवकर सुटली माझी, जे काही येतं ते वाचून वाचून आलेलं. मोबाइलवर एका बोटाने टाइप करते, तेव्हा चुकलंमाकलं सांभाळून घ्या. घडलं तसं सांगते, पदरचं काही घालत नाही.

हे घडलं जपानमध्ये, इचिकावाला. टोकियोच्या पूर्वेला, नदी ओलांडली की लागतं. माझा मुलगा मंदार तिथे राहतो, कॉम्प्युटरमध्ये आहे. सून केतकी, तीही आता नोकरी करते. आणि नात रेवा, जन्म तिथलाच. त्यांनी एक जुनं घर विकत घेतलंय — लाकडी, दुमजली, गल्लीच्या टोकाला. वरच्या मजल्यावर तीन खोल्या, आणि बोळातल्या छताला एक चौकोनी झाकण. काठीच्या आकड्याने ओढलं की शिडी खाली येते. वर माळा. उभं राहिलं की डोकं आपटतं, आणि उन्हाळ्यात पापड भाजून निघतील इतका तापतो.

आता यांच्याबद्दल सांगायला हवं, त्याशिवाय पुढचं कळणार नाही.

यांचं फ्रिज-एसी दुरुस्तीचं दुकान होतं चिंचवडला. सगळं जग यांना "नाना" म्हणायचं. गिऱ्हाइकं, शेजारी, आमचा मंदारसुद्धा — बाबा नाही, नानाच. एक मी सोडून. आमच्या वेळी नवऱ्याचं नाव घ्यायची पद्धत नव्हती. उखाण्यात घेतलं असेल तेवढंच. मी आपली "अहो". मंदारशी बोलताना "नानांना बोलव" म्हणायचे, पण तोंडावर, हाक म्हणून, "नाना" असं मी जन्मात कधी म्हटलं नाही.

लग्न झालं तेव्हा दुकानात माणूस ठेवायची ऐपत नव्हती, त्यामुळे शिडी धरायला मी. हे वर, फॉल्स सीलिंगमध्ये कमरेपर्यंत घुसलेले, आणि मी खाली, मान वर करून. वरून विचारायचे, "हवा आली का?" मी जाळीला हात लावून सांगायचे, "अहो, आली!" आमचा निम्मा संसार असा छतातून बोलण्यात गेला बघा. तोंड दिसायचं नाही, नुसता आवाज.

आणि हाक मारली की यांची ओ ठरलेली. "ओऽ" — जराशी लांबवलेली, शेवटाला वर उचललेली. पहिल्या हाकेलाच. माझ्या सासूबाई म्हणायच्या, तिन्हीसांजेला कोणी हाक मारली तर लगेच ओ देऊ नये, तिसऱ्या हाकेपर्यंत थांबावं, कोण मारतंय काय सांगावं. त्यावर हे म्हणायचे, "आई, गिऱ्हाइकाला तीन हाका मारायला लावल्या तर ते शेजारच्या दुकानात जाईल."

मंदारने घर घेतलं त्या उन्हाळ्यात आम्ही दोघं तीन महिने तिथे राहून आलो. वरचा मजला नुसता भट्टी! यांनी पहिल्याच आठवड्यात बनियनवर माळा गाठला, आणि घामाने निथळत खाली आले ते प्लॅन घेऊनच.

"मंदार, एक मशीन वर टांगायचं आणि डक्ट सोडायचे सगळ्या खोल्यांना. थंडीत तेच गरम हवा देईल."

"नाना, इथे प्रत्येक खोलीत वेगळा एसी लावतात."

"म्हणून तर भिंतींना पेट्याच पेट्या लटकल्यात. घर आहे का पोस्ट ऑफिस?"

"बरं नाना, करू."

"करू नाही. मी परत येईन तेव्हा काढायचं काम. हवा कुठे येते, कुठे नाही, ते मी वर बसून बघणार. मी आल्याशिवाय हात लावायचा नाही."

आणि त्याच मुक्कामात तो नानाचा खेळ सुरू झाला. रेवा तेव्हा आकडे शिकत होती. जपानीत सात म्हणायला दोन शब्द आहेत — एक "शिची" आणि एक "नाना". खरंच! आपली रेवा एकेक बोट दुमडत म्हणायची, "इची, नी, सान, शी, गो, रोकु... नाना!" की हे जिथे असतील तिथून, अगदी न्हाणीघरातूनसुद्धा — "ओऽ!" ती खदाखदा हसायची. मग पुन्हा एकपासून. आम्ही चिंचवडला परतल्यावर व्हिडिओ कॉलवरही तेच. त्या पोरीला सातच्या पुढे आकडेच नकोत. केतकी म्हणायची, "नाना, हिला आठ येणार नाही अशाने."

दुसऱ्या वर्षी यांना झटका आला. दुकानातच. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. मंदार धावत आला, रजा होती तेवढी राहिला आणि परत गेला, काय करणार. रोज फोन करायचा. मी मोबाइल यांच्या कानाशी धरायचे. "नाना, काही बोलू नका, नुसती ओ द्या. नाना... ओ द्या ना." हे टक लावून बघायचे. ओठ हलायचे, लाळ ओघळायची, ओ काही यायची नाही. एकदा रेवाला वाटलं, आपण जमवू. तिने तिकडून सुरुवात केली, इची, नी, सान... हळूहळू नानापर्यंत आली, आणि थांबली. बराच वेळ थांबली हो. मग म्हणाली, "आजी, आवाज येत नाहीये. नेट गेलं का?"

मी म्हटलं, "हो बाळा, नेट गेलं."

त्यानंतर ती पोर "शिची" म्हणायला लागली. कोणी सांगितलं नाही तिला.

हे गेले तेव्हा मंदार विमानात होता. पोहोचला, सगळं रीतसर केलं, डोळ्यांत टिपूस नाही. लोक म्हणाले, धीराचा आहे. मी आई आहे, मला दिसत होतं ना — तो धीर नव्हता, कुलूप होतं. परत गेला तो तसाच. फोनवर "हं", "बरं", "जेवलीस का". "नाना" हा शब्द त्याच्या तोंडून गेला तो गेलाच. केतकी मला हळूच सांगायची, "आई, ऑफिसमधून येतात, जेवतात, भिंतीकडे तोंड करून झोपतात. माझ्याशी भांडतसुद्धा नाहीत हो."

आणि त्या माळ्याच्या एसीचं नाव कोणी काढेना. मधले उन्हाळे त्या सगळ्यांनी खालच्या एका खोलीत दाटीवाटीने झोपून काढले. शेवटी या वर्षी जूनमध्येच रेवाला वरच्या खोलीत उकाड्याने भोवळ आली आणि केतकीने पाय रोवला. मला तिनेच सांगितलं —

"मी म्हटलं, काम याच महिन्यात होणार. तर म्हणतात, त्यांनी सांगितलं होतं, मी आल्याशिवाय... मी म्हटलं, मंदार, नाना नाहीयेत. येणार नाहीयेत. तर उठून चालायला गेले, दोन तास आले नाहीत. आई, तुम्ही या ना."

म्हणून मी गेले. एसीसाठी नाही, माझ्या मुलासाठी. एक माणूस गेलाच होता माझा, दुसरा डोळ्यांदेखत जात होता.

कामाला दोन माणसं आली. हिराता-सान, वयस्क, केस पांढरे, आणि कुबो-सान, पन्नाशीतले — तिकडे नावामागे "सान" लावतात, आपल्या "राव"सारखं. दारात चपला... म्हणजे बूट अगदी जोडीने लावून ठेवले, जिन्याला, भिंतींना कागदी पुठ्ठे चिकटवले, मग हत्यारं काढली. यांनी पाहिलं असतं तर खूश झाले असते. तो आडवा मशीनचा खोका माळ्यावर चढवताना दोघांची जी कसरत झाली, मी खालून आपोआप शिडी धरायला पुढे झाले. हिराता-सान घाबरून "नको नको" म्हणून हात हलवायला लागले. केतकीने त्यांना जपानीत सांगितलं, आमच्या सासूबाईंचा हा जुना व्यवसाय आहे. तेव्हा ते मला वाकून वाकून नमस्कार करायला लागले, आणि मी त्यांना. असा आमचा अर्धा दिवस नमस्कारातच गेला.

मंदारने त्या दिवशी घरून काम घेतलं होतं. खाली बसायचं सोडून वरच्या लहान खोलीत लॅपटॉप घेऊन बसला. त्याच खोलीत हे झोपायचे. जाळ्यांना नंबर दिलेले होते, माळ्यावरच्या डक्टलाही तेच नंबर चिकटवलेले. आणि त्या लहान खोलीतल्या जाळीचा नंबर सात.

दुपार झाली. हवा तपासायची वेळ. पद्धत अशी की कुबो-सान वर माळ्यावर, हिराता-सान खाली जाळीला पातळ कागदाची पट्टी लावून उभे. खालून नंबर पुकारायचा, वरून त्या डक्टची झडप उघडायची, पट्टी फडफडली की पुढच्या जाळीकडे जायचं. हिराता-सान पुकारत होते — "इचि-बान!", म्हणजे एक नंबर, आणि वरून कुबो-सान, "हाइ!", म्हणजे हो. "नि-बान!" "हाइ!" मी स्वयंपाकघरात ऐकत होते आणि गलबलून येत होतं. भाषा तेवढी वेगळी, बाकी तेच. हवा आली का... अहो, आली.

मी गार चहाचे पेले ट्रेमध्ये ठेवले आणि जिना चढायला लागले. आता नीट ऐका. मी जिन्याच्या मध्यावर होते. तिथून खाली पुढचं दार दिसतं. दारातून कुबो-सान आत येत होते, हातात चंदेरी चिकटपट्टीचं रीळ, एक बूट काढलेला, दुसरा काढायला वाकलेले. पट्टी संपली म्हणून ते गाडीपर्यंत गेले होते, आणि खोलीत असलेल्या हिराता-सानना ते माहीत नव्हतं. केतकीने त्यांच्यासाठी दार धरलं होतं. रेवा शाळेत. म्हणजे माळ्यावर कोणीही नाही.

आणि वरून हिराता-सानचा आवाज आला —

"नाना-बान!"

"ओऽ."

जराशी लांबवलेली. शेवटाला वर उचललेली.

माझ्या हातातला ट्रे कलंडला, चहा पुठ्ठ्यांवर. खाली कुबो-सान एका पायावर तसेच, मान वर. केतकीने दाराची मूठ घट्ट धरलेली. तेवढ्यात हिराता-सान काहीतरी समाधानाने म्हणाले — नंतर केतकीने सांगितलं, ते म्हणाले होते, "छान, हवा आली."

मी वर कशी पोहोचले ठाऊक नाही. हिराता-सान त्या खोलीत हसतमुखाने उभे, जाळीची पट्टी फडफडतेय. मंदार दारात, हेडफोन गळ्यात, चेहरा पांढराफटक.

"आई, ओ कोणी दिली?"

मी मागे वळून शिडीकडे बघितलं.

"आई! ओ कोणी दिली?"

माझ्या मागून केतकी आली, तिच्या मागून कुबो-सान. हिराता-सान कुबो-सानकडे बघून चमकले. मग छताकडे बघितलं. मग केतकीला अगदी अदबीने काहीतरी म्हणाले. केतकीने ऐकलं आणि तोंडावर हात ठेवला.

"काय म्हणाले?" मंदारने विचारलं. त्याला जपानी येतं, बरं का. तरी विचारलं.

केतकीने हात बाजूला केला. "म्हणतायत... वर आजोबा आहेत ना, त्यांना खाली यायला सांगा. म्हणतायत, वर फार गरम आहे, या वयात त्रास होईल."

मंदार शिडीकडे धावला. धडाधड वर चढला. "नाना! ... नाना, मी आहे! ... नाना!" लहानपणी गर्दीत हात सुटला की ओरडायचा ना, तसा. आम्ही खाली चौघंही मान वर करून. वरून नुसता मशीनचा घरघर आवाज. त्याने किती हाका मारल्या मी मोजल्या नाहीत. नुसती ओ द्या, म्हणत होता, बाकी काही नको, नुसती ओ द्या.

आली नाही.

मग वरूनच रडण्याचा आवाज आला. इतक्या दिवसांचं कुलूप त्या तापलेल्या माळ्यावर तुटलं. केतकी वर जाऊन त्याच्याजवळ बसली. मी शिडी धरून उभी होते. दुसरं काय येतं मला.

मला आतून फार वाटत होतं, मीही एक हाक मारावी. पण "अहो" म्हणून मी दवाखान्यात किती हाका मारल्या होत्या, एकीला उत्तर आलं नव्हतं. आणि ती ओ आली होती ती "नाना" या हाकेला. तो शब्द माझ्या जिभेवर आला, खरंच आला, आणि तिथेच बसला. इतक्या वर्षांची सवय. आणि दुसरंही... माझ्या पोराला उत्तर आलं नाही तेव्हा त्याचं काय झालं ते मी आत्ताच ऐकलं होतं.

कुबो-सान नंतर वर जाऊन बघून आले. म्हणाले, सात नंबरची झडप मी उघडलीच नव्हती, चिकटपट्टी आणून मग उघडणार होतो. आता ती पूर्ण उघडी होती. त्यांनी पुन्हा एकदा तपासलं आणि हत्यारं आवरली.

जाताना हिराता-सानना केतकीने सांगितलं, वर आजोबा नव्हते. आजोबा हेच काम करायचे, आता नाहीत. त्या माणसाने हातातली पेटी खाली ठेवली. पुन्हा बूट काढले, जिना चढून वर गेले, बंद झाकणाखाली उभे राहिले आणि कमरेतून वाकून म्हणाले, "ओत्सुकारेसामा देश्ता."

मी केतकीला विचारलं, म्हणजे काय गं? मंत्र आहे का?

"नाही आई. काम संपल्यावर बरोबरचे लोक एकमेकांना म्हणतात. म्हणजे... दमलात तुम्ही, असं."

तेव्हा मात्र मी रडले.

आता तुम्ही म्हणाल, डक्टमध्ये हवा शिरली की आवाज येतो. मला नका सांगू, मी आयुष्यभर डक्टखाली उभी राहिलेली बाई आहे. झडप आपोआप सरकली असेल? असेल. जपानी माणसंही "ओ" म्हणतात म्हणे. म्हणत असतील, पण वर जपानी माणूसही नव्हता. आम्हा तिघांना आशेने भास झाला म्हणावं, तर हिराता-सानना कोणाची आशा होती? मी सगळीकडून विचार करून पाहिला. काही हाती लागत नाही. आले होते का हे? आले असतील तर पोराला ओ का दिली नाही? का फक्त कामाच्याच हाकेला... कोणाला काही सुचलं तर लिहा. पण भूत म्हणू नका, एवढी विनंती.

मंदार आता बोलतो. परवा जेवताना आपणहून म्हणाला, "नाना असते तर म्हणाले असते, एसीचं पाणी नीट उतरत नाहीये पाइपातून." मग केतकीशी कचऱ्याच्या पिशव्यांवरून कडाकडा भांडला. ती स्वयंपाकघरात येऊन मला म्हणाली, "आई, भांडले!" आणि डोळे पुसले. म्हणजे ज्यासाठी मी गेले ते झालं. मुलगा मिळाला मला परत.

माझी परत निघायची वेळ झाली तेव्हा, आदल्या संध्याकाळी, मी त्या लहान खोलीत बॅग भरत होते. वरून गार हवा येत होती, छान, अगदी यांनी म्हटलं होतं तशी. रेवा सातव्या जाळीखाली उताणी पडली होती. तिला कोणी काही सांगितलं नव्हतं. छताकडे बघत ती एकेक बोट दुमडायला लागली.

"इची... नी... सान... शी... गो... रोकु..."

आणि थांबली. मान वळवून माझ्याकडे बघितलं.

"आजी, तू म्हण ना पुढचा."

माझी हाक अजून शिल्लक आहे. ती मी मारली नाही तोवर तिला ओ आली नाही असं कोणी म्हणू शकत नाही. मी साडीची घडी घातली, ती बॅगेत ठेवली, वर जाळीकडे बघितलं.

"शिची," मी म्हटलं.